गॉटहिल्फच्या दुनळीची माशी

"अहो, स्वयंपाकघरातला नळ गणपतीपासून गळतोय," सुलेखा म्हणाली, "आणि तुम्ही निघालात लोकांच्या बंदुका दुरुस्त करायला."

"दुरुस्त नाही. नुसती माशी बदलायची आहे."

"मग घरातल्या माश्यांनी काय पाप केलंय?"

हत्यारांची पेटी उचलून श्यामकांत बाहेर पडला. गॉटहिल्फचं घर गल्लीच्या टोकाला होतं. आभाळ सकाळपासून खाली आलेलं, आणि द्राक्षमळ्यांचा उतार धुक्यात गेलेला.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक मणी, नेम धरायचा. श्यामकांतचे वडील दौंडला राखीव पोलिसांच्या बंदुका सांभाळायचे, त्यांच्या तोंडचा हा शब्द. पुण्यातल्या टूलरूममधून श्यामकांत जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात आला, तेव्हा त्याला कामाचं बाक मिळालं ते गॉटहिल्फच्या शेजारचं. गॉटहिल्फने एकदा घरी बोलावून आपली शिकारीची दुनळी बंदूक दाखवली. श्यामकांतने टोकाला बोट लावलं आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "फ्लीग." जर्मन माणसं त्या मण्याला दाणा म्हणतात, फ्लीग म्हणजे उडणारी माशी, तसं कोणी म्हणत नाही. गॉटहिल्फ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तेव्हापासून दोघांमध्ये तो शब्द फ्लीगच राहिला.

दोघांनी उभा जन्म पत्रा दाबायच्या साच्यांवर काढला. घासायचं, बसवून पाहायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. एकमेकांच्या खोड्याही काढायच्या. एकाने पान्याची मागणी केली की दुसऱ्याने रिकामी मूठ पुढे करायची, आणि पहिल्याच्या शिव्या ऐकायच्या. निवृत्तीनंतर श्यामकांतला बाग उरली. गॉटहिल्फची बायको गेली, मुलगा कॅनडात. त्याला शिकार उरली.

केलरमध्ये, म्हणजे तळघरात, दिवा लागलेला होता. गॉटहिल्फने कपाटातून दुनळी काढली, बिजागरीतून वाकवून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि ती बाकावर ठेवली.

"शनिवारी शुल्टहाइसच्या शेतात मक्याची कापणी आहे," तो म्हणाला. "रानडुकरं आत आहेत. कापता कापता अंधार पडणार, आणि मला ही जुनी माशी संध्याकाळी दिसत नाही. तू येणार ना, हाकायला?"

"दर वर्षी येतो. बंदूकवाल्याकडे का नाही गेलास?"

"तो माणूस फार बोलतो."

श्यामकांतने एवढ्यावर सोडलं. नवी माशी त्याने आधीच दिव्याखाली ठेवली होती. ती उजेड पिऊन घेते आणि अंधारात काही वेळ हिरवी चमकते. जुनी पितळेची होती, आट्यांत जाम बसलेली. त्याने आट्यांत तेल सोडलं आणि थांबला. गॉटहिल्फ येरझारा घालू लागला.

"पक्कड लाव आणि फिरव ना."

"आणि मुंडी तुटली म्हणजे? उरलेलं काढायला नळीला भोक पाडायची परवानगी ना तुला आहे ना मला. तेल उतरू दे."

मग त्याने पक्कडीच्या जबड्यात चामड्याची पट्टी धरली आणि माशी हलके सोडवली. आटे घासून कोरडे केले. नवी माशी आधी नुसत्या हाताने फिरवून पाहिली. बसली. ती परत काढून आट्यांना लावायच्या चिकट थेंबाची बाटली शोधायला तो पेटीकडे वळला, तेवढ्यात गॉटहिल्फने दुनळी उचललीच.

"झालं? दिवा घालव. बघू दे."

श्यामकांतला हसू आलं. माशी त्याच्या मुठीत होती. बाकावरची जुनी खोडी आपोआप समोर आली. त्याने दिवा घालवला आणि शिव्यांची वाट बघत विचारलं, "काय, फ्लीग दिसते का?"

गॉटहिल्फने दस्ता खांद्याला लावला. अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हो," तो म्हणाला. "दिसते. मस्त दिसते."

श्यामकांतला वाटलं, हा उलटी खोडी काढतोय.

"कशी आहे?"

"जरा मोठी आहे. डावीकडे सरकली वाटतं. सरळ बसवलीस ना?"

आवाजात थट्टा नव्हती. कामात चूक दाखवतानाचा आवाज होता तो.

"हलते का ती?"

"जरा हलते. डोळा हलवला की मागोमाग येते."

श्यामकांतने मूठ उघडली. तळहातावर हिरवा ठिपका चमकला. गॉटहिल्फ नळीकडेच पाहत राहिला.

"गॉटहिल्फ. इकडे बघ."

त्याने मान वळवली. आधी चुकीच्या जागी पाहिलं, मग मान तिरपी करून कडेच्या नजरेने हाताकडे पाहिलं. दुनळी सावकाश खाली आली.

"मग मला दिसत होती ती कुठली?"

"ती तुझ्या डोळ्यातली."

श्यामकांतने दिवा लावला. गॉटहिल्फ स्टुलावर बसला होता, दुनळी आडवी मांडीवर.

"डॉक्टर उन्हाळ्यातच म्हणाला होता," तो म्हणाला. "मधोमध एक डाग आहे, वाढत जाईल म्हणे. मला वाटलं, चमकणारी माशी लावली की निभेल. बंदूकवाला काउंटरवरच ओळखतो रे असलं. गिऱ्हाइकाची नजर बघतो तो."

"आणि मी ओळखणार नाही असं वाटलं?"

"तू हाताकडे बघतोस. चेहऱ्याकडे कधी बघितलंस?"

हे खरं होतं, आणि ते लागलं.

"शनिवारी मी मक्यातून चालत येणार आहे," श्यामकांत म्हणाला. "मी आणि शुल्टहाइसची पोरं. तुझ्या समोर."

"ठाऊक आहे. शुल्टहाइसला फोन करतो. गुडघा दुखतोय म्हणून सांगतो."

"डोळ्याचं सांग. गुडघा पुढच्या वेळेला बरा होईल."

गॉटहिल्फने नळीच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आता बसव तरी ती. भोक उघडं बरं दिसत नाही."

श्यामकांतने थेंब लावला, माशी फिरवली, नळीच्या रेषेत आहे का ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, उतू आलेला थेंब पुसला. कोणाच्या उपयोगाची नव्हती म्हणून काम कमी केलं नाही. गॉटहिल्फने दुनळी कपाटात उभी केली. दार लावताना आत हिरवा ठिपका होता. आता तो तिथे एकटाच विझत जाणार. मग गॉटहिल्फने फोन उचलला आणि श्यामकांतसमोर शुल्टहाइसला डोळ्याचं सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही की उतरला नाही.

घरी सुलेखाने विचारलं, "झालं का काम?"

"झालं."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नळाचा विषय काढला नाही.

शनिवारी मका कापताना उजेड गेला. श्यामकांत केशरी जाकीट घालून ओळीत चालत होता. ओढ्याकडचा कोपरा दर वर्षी गॉटहिल्फचा असायचा. तिथे कोणी उभं नव्हतं. शेवटचा पट्टा उरला तशी डुकरं नेमकी तिथून बाहेर पडली आणि बार न होता ओढा ओलांडून गेली.

परतताना तो गॉटहिल्फकडे थांबला. खिडकीत दिवा नव्हता, पण दार उघडंच होतं.

"माझ्या कोपऱ्यातून गेली?" आतून आवाज आला.

"हो."

"सगळी?"

"पिलांसकट सगळी."

"गेनाऊ. अगदी बरोबर," गॉटहिल्फ म्हणाला. "तिथूनच जातात ती."

श्यामकांतने बूट दाराशी काढले आणि आत जाऊन अंधारात त्याच्या शेजारी बसला.