सिस्टरांनी मोजलेले श्वास

सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन सोलापुरातल्या एका दवाखान्यात झालं. ते नीट पार पडलं होतं. आता घरी कधी सोडतात, एवढाच प्रश्न होता. त्यांचा जीव गावी, कुंभारीला, शेजारणीकडं सोपवलेल्या म्हशीत अडकला होता.

दुपारी मी त्यांना मऊ भात भरवत होते. तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर आल्या. बोलण्यात तेलुगूचा गोड हेल. ताप, नाडी, बीपी बघितलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि मग घड्याळाकडं बघत नुसत्याच उभ्या राहिल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“श्वास मोजतेय. जरा बोलू नका.”

मग प्रत्येक आकड्याला गुण देऊन त्यांनी बेरीज केली. “सकाळपेक्षा गुण वाढलेत.”

मी शाळेत शिकवते. गुण वाढले की बरं वाटायची सवय. इथं उलटं होतं. जितकं बिघडेल तितके गुण जास्त.

“मला काय बी न्हाय झालं,” सासूबाई म्हणाल्या. “जरा दम लागतुय, एवढंच. घरी सोडा की!”

मलाही तसंच वाटत होतं. सिस्टर म्हणाल्या, “एकेक बघितलं तर विशेष नाही, ताई. पण सगळंच थोडं थोडं बिघडलंय. एवढे गुण झाले की डॉक्टरांना लगेच बोलवायचं, असा नियम आहे.” त्यांनी तिथूनच फोन लावला.

डॉक्टर ओपीडी सोडून आले. पोट दाबून बघितलं, छाती ऐकली. “इन्फेक्शन रक्तात पसरतंय असं वाटतंय. रिपोर्टसाठी थांबायला नको,” म्हणाले. रक्त तपासणीला गेलं, लगेच सलाइन आणि औषधं सुरू झाली, आयसीयूत जागाही झाली.

संध्याकाळी बीपी खरंच घसरलं. सासूबाई मला ओळखेनात. मी आणि हे आयसीयूबाहेर बाकावर एकमेकांचा हात धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “औषधं लागू पडतायत. वेळेत कळलं म्हणून.” हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले.

घरी सोडलं त्या दिवशी सासूबाई हट्टानं वॉर्डात गेल्या आणि सिस्टरांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

“लई उपकार झाले गं बाई.”

सिस्टर लाजल्या. “आजी, तुमचेच नाही, आम्ही सगळ्यांचेच श्वास मोजतो.”

त्या सगळ्यांमध्ये आमचंही माणूस होतं, याचं मला आजही फार बरं वाटतं.