आईच्या पायाखालची फळी

माझ्या वडिलांना शर्यतीचा शौक नाही. स्कूटरवाल्या पोरी पुढे निघून गेल्या तरी ते त्यांच्याकडे आशीर्वाद दिल्यासारखे बघतात. म्हणूनच लखनौबाहेर बख्शी का तालाबजवळच्या माळावर जुन्या मोटारसायकलींची ‘ट्रायल’ होणार आहे आणि तिच्यात वेगाला काडीची किंमत नाही, हे कळल्यावर ते हरखले. दगडधोंड्यांतून, नाल्यातून गाडी हळूहळू काढायची. पाय जमिनीला टेकला की एक गुण चढतो आणि ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. बाबा म्हणाले, “सरकारी कंपनीत जन्म काढला मी. हळू जाणं मला कोण शिकवणार?”

गाडी होतीच, लग्नाच्या वर्षी घेतलेली. सत्तरी ओलांडल्यावर एकदा तिच्यासकट मैदानात उतरायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. प्रश्न होता पात्रतेचा. भरवणाऱ्या हौशी मंडळींचा नियम असा की गाडी मूळची हवी आणि काही बदल केलाच असेल तर तो त्या काळातला हवा.

आमच्या गाडीत बदल एकच होता. मागे बसणाऱ्याच्या पायाखाली, डाव्या बाजूला, वेल्डिंगने कायमची जोडलेली लोखंडी फळी. साडीत एका बाजूला बसताना आईचे पाय नीट टेकावेत म्हणून बाबांनी लग्नानंतर लगेच चिनहटच्या एका वर्कशॉपमधून ती करून आणली होती. ‘तू मला आवडतेस’ असं बाबांनी आईला म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पाहुणे आले की ते फळी दाखवतात. आई हल्ली सलवार-कुर्त्यात असते, तरी गाडीवर बसते एका बाजूलाच. फळी एवढी रुंद की दुसऱ्या तऱ्हेने बसायची सोयच नाही.

महिनाभर आधी मंडळींतले तपासनीस अलीगंजला आमच्या घरी आले. चहा घेतला, आईच्या हातच्या चकल्या खाल्ल्या, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “वाह अंकल जी, क्या नायाब चीज़ है! आजकल ऐसा काम कौन करता है? बस, मैदान में ज़रा देख लीजिएगा।”

बाबांनी त्याच दिवशी अमरावतीला काकांना फोन करून गाडी पास झाल्याचं कळवलं. लखनौत उभी हयात गेली, पण आमच्या घराला अजून एक गोष्ट कळलेली नाही. इथे माणूस नाही म्हणायच्या आधी भरपूर कौतुक करतो आणि मग नाही म्हणायचं राहूनच जातं. आम्हा वऱ्हाडी माणसांना पोटात गुच्चा मारून नकार दिला तरच तो नकार वाटतो.

ट्रायलच्या सकाळी मी आईला कारने घेऊन गेले, तर बाबा गाडीपाशी लालबुंद होऊन उभे. समोर तेच तपासनीस हात जोडून.

“अंकल जी, हमने तो अर्ज़ किया था...”

“आपने तारीफ़ की थी!”

भानगड अशी होती की फळी त्या काळातली, म्हणून नियमात बसत होती. पण दुसरा नियम सांगत होता की दगडांत अडकेल असं काहीही बाजूला बाहेर आलेलं नको. म्हणजे बदल मान्य होता, फक्त कापून टाकायचा होता. शेजारच्या शेतातल्या ट्यूबवेलच्या विजेवर वेल्डरही हजर होता.

“नाही उतरत मी,” बाबा हेल्मेट काढत म्हणाले. “तुझ्या आईसाठी केलेली वस्तू आहे. तिच्यावर कटर चालवून मला भाग घ्यायचा नाही.” मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

आई डबा हातात घेऊन ऐकत होती. “कापा ना एकदाची,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्यासाठी...”

“मी कधी मागितली होती हो? लग्नात मी एक सलवार-कुर्ता शिवून आणला होता. यूपीत जातेय, तिथे चालतो, म्हटलं आपण गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसू. आणि तुम्ही चौथ्या दिवशी ही फळी घेऊन आलात. एवढ्या कौतुकाने आणली, मग छान आहे म्हटलं, दुसरं काय बोलणार?”

नाही म्हणायच्या आधी कौतुक करणारी एक बाई तेव्हापासूनच आमच्या घरात होती तर.

बाबांनी स्वतःच गाडी ट्यूबवेलकडे ढकलत नेली. फळी निघाली तेव्हा तिच्या आड कंपनीचं मूळ पायदान घडी घातलेलं सापडलं, अगदी कोरं.

बाबा मैदानात उतरले आणि त्यांनी इतक्या वेळा पाय टेकले की गुण मोजणाऱ्या मुलीनेही शेवटी अदबीने मान दुसरीकडे वळवली. शेवटचे आले. बक्षिसं वाटली जात होती तेव्हा ते खाली वाकून दोन्हीकडची पायदानं फडक्याने पुसत होते.

“चल,” ते आईला म्हणाले.

आईने डबा माझ्याकडे दिला, ओढणी कमरेला खोचली आणि पाय पलीकडे टाकून बसली.

“बसलीस नीट?” बाबांनी मागे न बघता विचारलं.

“आत्ता कुठे,” आई म्हणाली.