केळशीच्या वाटेवर चार अंशांची पाचर

दापोलीकडच्या केळशीला जायचं ठरलं आणि मी आमच्या जुन्या जीपचं मागचं अंग दोन इंच उचललं. कच्च्या रस्त्यावर पोट घासू नये म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे पाटा टांगणाऱ्या पट्ट्या, बसवल्या. अंगणात, स्वतःच्या हाताने.

सकाळी सहाला कोल्हापूर सोडलं. शेजारी बायको सायली, मागे आठ वर्षांची मुक्ता. आंबा घाटात धुकं असतं, दिवे लावूनच उतरा. खाली साखरप्याला मिसळ खाल्ली, ती चुकवू नका.

पुढे सरळ रस्ता लागला. काटा पन्नासच्या वर गेला आणि गाडीच्या पोटातून घरघर सुरू झाली.

"बाबा, माझ्या पायांना गुदगुल्या होतायत!" मुक्ता खिदळली.

आधी वेग कमी केला की घरघर थांबायची. संगमेश्वर ओलांडल्यावर वेग कमी करूनही ती थांबेना. खालून टकटक येऊ लागली, मागून ट्रक हॉर्न देत होते.

सावर्ड्यात दिसलेल्या पहिल्या गॅरेजात गाडी घातली. मालक तांबेमामा, साठीचे, निम्मं आयुष्य मुंबईत गाड्या दुरुस्त करून गावी परतलेले. गाडीखाली सरकले आणि तिथूनच विचारलं.

"गाडी उचलली कोनी?"

"मी."

"आनि शाफ्ट कोन बघनार होता?"

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलला देणारा फिरता दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वळते सांधे. मामांनी कोन मोजून दाखवले. गिअरबॉक्सचं तोंड पाच अंश खाली, म्हणजे एक्सलचं पाच अंश वर हवं, नाहीतर दांडा थरथरतो. माझ्या शॅकलमुळे ते नऊ अंशांवर गेलं होतं. मागचा क्रॉस झिजून लोखंडाची लाल भुकटी सांडत होता.

"ह्यो तुटला असता तर शाफ्टानं ब्रेकचा पाइप तोडला असता. आवाज कधीपासना हाय?"

सायली माझ्याकडे बघत होती.

"आजच," मी म्हणालो. खरं तर आठवडाभर ऐकत होतो.

पाटा आणि एक्सलच्या मध्ये चार अंशांच्या पाचरी बसल्या, नवा क्रॉस पडला. पुन्हा मोजलं, पाचला पाच. "शंभर किलोमीटरवर बोल्ट परत आवळा," मामांनी बजावलं. साठच्या वेगालाही गाडी गप्प होती. मी मात्र दापोलीच्या प्रत्येक उतारावर श्वास धरून होतो. हर्णे बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगला होता. त्या दोघी तो बघत होत्या, मी पाना घेऊन गाडीखाली. केळशीचा लांबलचक किनारा फोटोंत छान आलाय. मला आठवतो तो पार्किंगच्या वाळूत तेलाचा डाग शोधणारा मी.

परतीला सायली मागे मुक्ताजवळ बसली, तिला झोप लागावी म्हणून असेल असं मला वाटलं. चौथ्या दिवशी घरी पोचलो. केळशीला जरूर जा. गाडी उचलली असेल तर आधी कोन मोजून घ्या.

सामान उतरवताना धीर करून म्हणालो, "सायली, तो आवाज आठवडाभर येत होता."

तिने बॅग खाली ठेवली. "माहीत आहे. एका दिवसात लोखंडाची भुकटी होत नाही. परतीला अख्खा रस्ता मी मागे मुक्ताला धरून बसले होते, ते काय तिला झोप लागावी म्हणून?"