कोरडं वजन

हिंगोलीत सुजाताने आहारसल्ल्याची खोली उघडली तेव्हा त्या खोलीत वजनकाटा नव्हता. लोक आत येत, चपला काढत, सवयीने कोपऱ्यात काटा शोधत आणि गोंधळून उभे राहत. ती म्हणायची, “बसा आधी. सकाळपासून काय खाल्लं ते सांगा. काटा खोटं बोलत न्हाई, पण पुरं खरंबी सांगत न्हाई.” एखादा हट्टाला पेटलाच तर त्याला शेजारच्या आडत दुकानाकडे बोट दाखवायची. “तिथं हळदीच्या पोत्यासंगं मोजून या.”

काट्यावर तिचा राग होता आणि त्या रागाचं कारण माझे वडील होते. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना मी कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न तुम्हाला पडेल. तो मलाही पडत असे.

आमची गाठ एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला पडली. आहारशास्त्र आणि व्यायामशास्त्र एकत्र शिकवणारा तो अभ्यासक्रम होता. पुढे आहारतज्ज्ञ होणारी बावीस-तेवीस वर्षांची पोरं पुढच्या बाकांवर आणि आम्ही दोघं वयस्क मागे. मी कुरुंद्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक, चाळिशी कधीच ओलांडलेला. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, अंगणवाडीची नोकरी सांभाळत पदवी मिळवलेली. सरांनी प्रत्येकाला विचारलं, इथे कशासाठी आलात? कोणाला जिम काढायची होती, कोणाला क्रिकेटच्या संघाबरोबर फिरायचं होतं. सुजाता उठून म्हणाली, “मला एका माणसाचा काटा काढायचाय.”

वर्ग हसला. सरही हसले. “बरोबर आहे, आहारतज्ज्ञाला काटा लागतोच.”

ती हसली नाही. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं, गाव कनेरगाव नाका सांगितलं. तिने मान वळवली आणि बाजारात शेळी घेणारा दात पाहतो तसं मला पाहिलं. मधल्या सुट्टीत जवळ आली.

“वस्तादाचे का तुमी?”

“हो. मोठा मुलगा.”

तिने डबा उघडला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे सरकवली. मी संकोचलो तेव्हा म्हणाली, “खा गुर्जी. उपाशी ठेवायचं तुमच्या घरी शिकवतात, आमच्या न्हाई.”

मी ती भाकरी खाल्ली.

तिचा धाकटा भाऊ गौतम माझ्या वडिलांच्या तालमीत होता. कुस्तीत वजनाचे गट असतात. पोराचं वजन थोडं जास्त भरलं की त्याला खालच्या गटात बसवण्यासाठी ‘सुकवायचं’, अशी बाबांची रीत. जेवण बंद, पाणी बंद, अंगात स्वेटर, वरून रेनकोट, आणि वाशीमच्या रस्त्याने पळत सुटायचं. मागे मोटारसायकलवर बाबा. उन्हाळ्यातल्या एका दुपारी गौतम पळता पळता पडला, तो उठलाच नाही. बाबा म्हणाले, “पोराचं काळीज कच्चं व्हतं.” गावाने ते मानलं. मी कुरुंद्याहून घरी पोचलो तेव्हा अंगणातल्या तारेवर रेनकोट धुऊन वाळत घातलेला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तालमीत माठ एकच होता. पेला मात्र गौतमचा वेगळा, भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेला. बौद्ध वस्तीतला एकच पोरगा होता तो. बाबांनी त्याला कुस्ती शिकवली, त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याच्या जिवावर ढाली आणल्या. पेला तेवढा खिळ्यालाच ठेवला.

व्यायाम करताना शरीरातलं पाणी कसं घटतं, हा धडा आला त्या दिवशी सुजाताने हात वर केला. “सर, आमच्याकडं याला सुकवणं म्हणतात. मिरची सुकवतात ना, तसं पोरगं सुकवतात.” आधी तहान, मग गरगरणं, मग घाम थांबणं. त्या धड्यात तिच्या भावाचं मरण क्रमाने लिहिलेलं होतं. इतर मुलांनी तो परीक्षेपुरता वाचला. तिने तो पाठ केला.

त्याच संध्याकाळी मी तिला म्हणालो, “बाबांच्या वतीने मी माफी मागतो.”

“मागू नका, गुर्जी,” ती म्हणाली. “मागितली की द्यावी लागती.”

वर्गातल्या मुलींना ती आवडायची. एकीने लाडात येऊन म्हटलं, “ताई, त्या सुजातानं तर उपाशी गौतम बुद्धाला खीर दिली होती ना!” मला वाटलं, आता ही चिडणार. ती शांतपणे वही मिटत म्हणाली, “व्हय. तिची खीर वेळेवर पोचली व्हती.”

पदवी हातात आली आणि तिने काटा काढायला सुरुवात केली. शिवी नाही, तक्रार नाही. कनेरगाव, सेनगाव, जिथे जिथे तालमीला जाणारी पोरं होती तिथे ती त्यांच्या आयांना गाठायची. “बाई, तुमचं पोरगं वजन तोडून राहिलं म्हणजे पाणी तोडून राहिलं. तुमी काहून गप बसता?” मग दूध किती, डाळ किती, मेहनतीआधी काय, मेहनतीनंतर काय, हे त्यांच्या घरातल्या जिन्नसांत समजावून सांगायची. “आधी ताट, मग आखाडा” हे तिचं ठरलेलं वाक्य. तिच्या सांगण्याप्रमाणे जेवणारी पोरं वरच्या गटात खेळून कुस्त्या मारू लागली. बाबांकडची पोरं गळू लागली. एका दसऱ्याला आखाड्याच्या हौदातली माती उकरायला बाबा एकटेच होते. मी पाहून आलो आणि तिला जाऊन सांगितलं. बापाची नामुष्की मी स्वतःच्या पायांनी चालत तिच्याकडे पोचवली. तिने विचारलं, “तालमीला कुलूप लागलं का?” मी म्हणालो, “अजून नाही.” “मग आत्ताच सांगायला येऊ नका.”

कुलूप पुढच्या वर्षी लागलं. त्याच सुमारास बाबांच्या जुन्या साखरेने मूत्रपिंडं निकामी केली. हिंगोलीला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तिथे आहार ठरवायला ठरावीक दिवशी एक मॅडम येतात असं कळलं. त्या मॅडम सुजाताच होत्या.

तिथे मात्र काटा होता. यंत्राला लावण्याआधी रोग्याचं वजन करतात. शरीरात साठलेलं जास्तीचं पाणी वजा केलं की उरतं त्याला कोरडं वजन म्हणतात. अशा रोग्याला पाणी मोजूनच प्यावं लागतं; बाबा चोरून किती प्यायले, ते काटाच सांगायचा.

“चढा, वस्ताद,” पहिल्या दिवशी सुजाता म्हणाली. आकडा स्थिर होईपर्यंत ती शांत उभी राहिली. मग विचारलं, “तहान लागली का?”

“लई तकलीफ हाये, बाई. जीभ टाळूला चिकटती.”

“गौतमलाबी लागली व्हती.”

एवढंच. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मी वरिष्ठांना सांगू शकलो असतो, बाबांना नांदेडला नेऊ शकलो असतो. केलं नाही. खरं लिहितो, ती हे वाक्य बोलायची तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं हललेलं मला जाणवायचं. जे मी बापाला कधी म्हणू शकलो नाही ते ती म्हणत होती. मी बापाचा हात धरून त्याला काट्यापर्यंत नेत होतो आणि बाजूला उभा राहून ऐकत होतो.

घरी बाबा पाण्यासाठी रडायचे. एकदा मनात आलं, हिने मुद्दाम पाणी कमी लिहिलं असेल. माझी जुनी पुस्तकं काढली, हिशेब मांडला. तंतोतंत बरोबर होता. उलट तहान कमी लागावी म्हणून मीठ कसं तोडायचं, लिंबाची फोड कशी चोखायची, हे तिने आईला दोनदा बसवून शिकवलं होतं. मी ओशाळलो आणि तिला माझा संशय सांगून टाकला.

ती रागावली नाही. “एक घोट कमी लिहिला असता तर मी तुमच्या बापावाणी झाले असते. एक घोट जास्त लिहिला असता तर तो लवकर सुटला असता. मला त्याला सोडायचं न्हाई, गुर्जी. शंभर वर्षं जगवते. अशाच कोरड्या जिभेनं.”

एके दिवशी काट्यावर चढल्या चढल्या, तिने विचारायच्या आतच, बाबा म्हणाले, “गौतमलाबी लागली व्हती.” माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आता संपलं.

सुजाता म्हणाली, “पाठ झालं. आता कळायचं बाकी हाये.”

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. आम्ही बाबांना कनेरगावला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने सुजाता आली. आमच्या उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदाच येत होती. आईला म्हणाली, “आता बंधन न्हाई. मागतील तेवढं पाणी द्या.”

बाबांनी डोळे उघडले. तिला ओळखलं. “पोरी,” ते म्हणाले, “तुझ्या हातानं दे.”

तिने तांब्या उचलला. फडताळापाशी गेली. तिथे आमचे पेले ओळीने मांडलेले होते. पाठमोरीच विचारलं, “कोणत्या पेल्यात देऊ, वस्ताद?”

पाण्यासाठी उघडलेलं बाबांचं तोंड तसंच उघडं राहिलं. ती वळली आणि थांबली, काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची तशी. बाबांनी डोळे मिटले. मग तिने तांब्या माझ्या हातात दिला. “तुमी पाजा. बाप तुमचा हाये.” आणि ती निघून गेली.

बाबा त्याच संध्याकाळी गेले. तेरावं झाल्यावर मी हिंगोलीला तिच्या खोलीत गेलो. कशासाठी गेलो, ते मलाही नीट माहीत नव्हतं. कदाचित माफीच्या एका शब्दासाठी. ती जेवायला बसत होती.

“पाणी प्याले का?” तिने विचारलं.

“प्याले. दोन घोट.”

“गौतमपेक्षा दोन जास्त,” ती म्हणाली, आणि अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे सरकवली.