आलं का, कंट्रोलर?

आप्पा गेले त्या दिवशी आम्ही अनाळ्याला जाणार होतो. परंड्याच्या बसस्टॅण्डसमोर चहाच्या टपरीपाशी मी ठरल्या वेळी येऊन उभा राहिलो. हातात डबा, खिशात खडीसाखरेची पुडी. आप्पा कधी उशीर करत नसत, म्हणून मी दोनतीनदा समोरच्या त्यांच्या दुकानाकडं पाहिलं. शटर खालीच होतं. टपरीवाला ग्लास विसळत होता. माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "कंट्रोलर, तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय? आप्पा गेले... पहाटं आंघोळीला पाणी काढता काढता." मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. कोणती गाडी सुटली, कोणती यायची आहे, हे उभ्या तालुक्याला सांगण्यात माझी नोकरी गेली. ही गाडी सुटलेली मात्र मला सगळ्यांच्या शेवटी कळली. मी डबा त्याच्याच टपरीवर ठेवला आणि आप्पांच्या घराकडं निघालो.

त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. आप्पांना मी इतका वेळ स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस सदा कुणाच्या तरी घरावर चढलेला असायचा.

आप्पा म्हणजे शिवलिंगअप्पा. रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही असं दुरुस्त करत करत ते शेवटी छत्रीवर येऊन स्थिरावले होते. ही छत्री पावसाची नव्हे. दर महिन्याला पैसे न भरता ज्या छत्रीवर टीव्ही दिसतो ती, आणि तिच्याखालचा तो स्वस्तातला बॉक्स. फुकटचं प्रकरण, म्हणून लहरीही तेवढंच. आज दिसणारं चॅनेल उद्या जागा सोडून कुठंतरी जातं, नवीन येतात, आणि बॉक्सला पुन्हा शोध घ्यायला लावल्याशिवाय त्या बापड्याला त्याचा पत्ता नसतो. मधूनच त्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं. वारा सुटला किंवा एखादं वानर येऊन बसलं की छत्री बोटभर सरकते आणि खाली घरात पडदा काळा. मग आप्पांना फोन यायचा. खेड्यापाड्यातून एकट्यादुकट्या राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोन जास्त. टीव्ही बंद पडला की त्या घरात बोलणारं दुसरं कुणी उरत नाही, हे मला त्या काळात चांगलंच ठाऊक झालं होतं. माझी बायको निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली, मुलगी लग्न होऊन लांब. मी रोज सकाळी आवरून स्टॅण्डवर जायचो आणि माझ्याच जुन्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायचो. नव्या कंट्रोलरला माझा कंटाळा आला होता, पण तो बिचारा बोलायचा नाही.

एक दिवस आप्पा रस्ता ओलांडून त्या बाकापाशी आले. आमची तोवर नुसती नमस्कारापुरती ओळख. म्हणाले, "आज गाड्या सोडायच्या न्हाईत ना? मग चला माझ्यासंगं. खाली उभारायला माणूस पायजे, आन् तुमच्यासारखा आवाज गावात दुसऱ्या कुणाला न्हाय." आवाजाचं खरंच होतं. स्टॅण्डचा माईक बंद पडला तरी माझं "कुर्डुवाडी... कुर्डुवाडी" मागच्या मुतारीपर्यंत पोचायचं. मी उठलो. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलो, बॉक्सची पिशवी मांडीवर घेतली आणि पुढची कितीतरी वर्षं ती पिशवी माझ्याच मांडीवर राहिली.

काम असं असायचं. आप्पा पत्र्यावर किंवा स्लॅबवर, मी खाली टीव्हीसमोर. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, वरची सिग्नलच्या ताकदीची, खालची त्याच्या प्रतीची. आप्पा वर छत्री केसभर केसभर हलवायचे आणि विचारायचे, "आलं का, कंट्रोलर?" मी पट्टी बघून ओरडायचो, "चाळीस... पन्नास... गेलं... मागं घ्या... आलं!" एकदा सोनारीत भान न राहून मी "लागली, लागली" असं ओरडलो, गाडी फलाटाला लागल्यासारखं, तर घरातली म्हातारी पिशवी शोधायला उठली. त्यावरून आप्पा मला महिनाभर चिडवत होते. चित्र स्वच्छ दिसलं की मी सांगायचं, "आलं, हलवू नका." वरून उत्तर यायचं, "आवळतो." मग पान्यानं नट आवळल्याची करकर, की झालं. आवळण्याआधी मात्र ते छत्रीशी हळू आवाजात कानडीत बोलत. त्यांची आई सीमेपलीकडची. "बा... बा..." म्हणजे ये, ये. वासराला बोलवावं तसं ते आभाळातल्या त्या न दिसणाऱ्या वस्तूला बोलवायचे. सिग्नलशी एवढी सलगी, आणि मला मात्र शेवटपर्यंत तुम्ही. मीही त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. आमची मैत्री अशी उतारवयातली, बाहेरून जरा परकीच वाटणारी होती.

माणसं मोठी गमतीची भेटायची. तेरच्या बाजूला आप्पांची एक लांबची मावशी राहायची. तिचा टीव्ही सारखा जातो म्हणून आम्ही मुद्दाम तेवढ्यासाठी गेलो. आप्पा वर चढले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी खालून विचारलं, "काय झालं?" तर वरून म्हणाले, "कुरडया." मावशीनं छत्रीच्या खोलगट पोटात धुतलेलं फडकं अंथरून त्यावर ओल्या कुरडया घातल्या होत्या. "तितं मुंग्या येत न्हाईत रं, आन् ऊन बी चांगलं लागतंय," ती म्हणाली. आता ह्यावर दुसरा कुणी असता तर दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता. आप्पा खाली उतरले, चहा प्यायले आणि म्हणाले, "वाळू द्या मावशी. परवा येतो. तवर रेडू ऐका." तिसऱ्या दिवशी आम्ही खरोखर पुन्हा तेवढं अंतर गेलो. येताना पिशवीत बॉक्सच्या जोडीला कुरडया होत्या.

सॉफ्टवेअर बदलायचं असलं की तो एक सोहळाच असायचा. पेनड्राइव्ह बॉक्सच्या मागं लावायचा, आणि पडद्यावरची रेघ भरत असताना जर लाईट गेली तर बॉक्स कायमचा मेला. आपल्याकडं लाईटीचा भरवसा काय सांगावा. म्हणून आप्पा आधी वायरमनला फोन लावायचे, "बाळासाहेब, दहा मिनिटं दम धरा. काय घालवायचं आसंल ते नंतर घालवा." मग घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचे. बोलण्यानं रेघेला काय होणार, पण कुणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे. रेघ भरली, बॉक्स पुन्हा सुरू झाला, की एकदम मोठा श्वास सोडायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, "वाचला." एकदा एका एकट्या म्हातारीच्या घरून निघताना मी म्हणालो, एवढं काय त्यात, एक बॉक्सच तर आहे. त्यावर ते म्हणाले, "आपल्याला एकच. तिला घरभर त्योच हाय."

मागच्या थंडीत माझा घसा बसला होता. शब्द फुटेना. आम्हाला आसू गावाला जायचं होतं. मी खुणेनं सांगितलं, तुम्ही पुढं व्हा. आप्पा हेल्मेट काढून ठेवत म्हणाले, "यकटा जाऊन काय करू? आवाज येऊ द्या, मग जाऊ." तीन दिवस त्यांनी आसूच्या माणसाचे फोन झेलले, पण गेले नाहीत. चौथ्या दिवशी खडीसाखरेची पुडी घेऊन घरी आले. तेव्हापासून ती पुडी माझ्या खिशात असते. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा मुलीला फोन करून सांगितली. नोकरीतही माझ्यावाचून काही अडलं नव्हतं, मी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या होत्या.

आप्पांच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी मला दुकानात बोलावलं. काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं, हे त्यांना समजत नव्हतं. मी एकेक वस्तू हातात घेऊन सांगत गेलो. खालच्या खणात जुन्या रुमालात बांधलेलं हाताएवढं एक यंत्र निघालं. काटा, बटण, दोन्ही बाजूंना वायर लावायच्या जागा. पेंट उडालेला, कडा हातानं गुळगुळीत झालेल्या. मी ओळखलं. सिग्नल बरोबर लागला की हे यंत्र शिट्टी वाजवतं. हे जवळ असलं की वर चढलेल्या माणसाला खाली कुणीही लागत नाही.

"हे नवं घेतलं होतं का?" मी विचारलं, जरी ते नवं नाही हे दिसतच होतं.

"नवं कुठलं, भाऊजी? तुमी जायला लागायच्या लई आदीचं हाय. तवा ते यकलेच जायचे, ह्येच पिवपिव घेऊन."

"मग मला कशाला न्यायचे?"

वहिनी सरळ बाई. त्यांना माझ्या प्रश्नातलं दुखणं कळलं नाही. म्हणाल्या, "मला म्हणले हुते, कंट्रोलर त्या बाकड्यावर बसून बसून वाळून चाललेत. घेऊन जातो संगं." आणि ते यंत्र माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "तुमीच ठिवा. तुमच्याच कामाचं."

मला फार राग आला. वाटलं, एवढी वर्षं हा माणूस माझी करमणूक करत होता. चाळीस, पन्नास, साठ असं मी घसा फोडून सांगत होतो, आणि माझ्या ओरडण्याची त्याला काडीची गरज नव्हती. आसूचे ते तीन दिवस... मुलीला केलेला तो फोन. जिवंत माणसावर रागावलं तर निदान भांडता येतं. मी यंत्र घरी आणलं आणि कपाटावर फेकल्यासारखं ठेवून दिलं. पुन्हा स्टॅण्डवर जाऊन बसावं असंही वाटेना. टीव्ही लावायचा, आवाज मोठा ठेवायचा आणि घरात फिरत राहायचं, असे दिवस गेले.

गेल्या आठवड्यात वादळ झालं आणि माझ्या घरावरची छत्री फिरली. ती आप्पांनीच बसवलेली. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ मला पहिल्यांदा ऐकू आलं. गावात आता दुसरा एक मेकॅनिक आहे. त्याला फोन करायला मन झालं नाही. सकाळी ऊन चढायच्या आत मी कपाटावरचं यंत्र आणि पाना घेतला आणि कठडा धरत धरत जिना चढलो. या वयात हे करू नये, हे मलाही कळतं.

आप्पांनी हे काम करताना मला कधी वर घेतलं नव्हतं. छत्रीपाशी उभं राहून मी पहिल्यांदाच ते सगळं बघितलं. खाली अख्खं परंडा गाव पसरलेलं. किल्ल्याचे बुरूज, स्टॅण्डचा पत्रा, दुकानाचं बंद शटर. माणसं आपापल्या कामाला चाललेली, आणि त्यातलं कुणीही वर बघत नव्हतं. मी वायर जोडली, यंत्र सुरू केलं आणि छत्री हळूहळू आग्नेयेकडं सरकवू लागलो. बराच वेळ काहीच नाही. मग बारीक पिवपिव सुरू झाली, वाढत गेली, काटा पार शेवटाला टेकला. सिग्नल पूर्ण लागला होता. यंत्र खोटं बोलत नाही. पण मला ते खरं वाटेना. मी वाट बघत उभा राहिलो. खालून कुणीतरी सांगेल, मग आवळू. कशाची वाट बघतोय हे लक्षात आलं तेव्हा पाना हातात असून मला काही सुचेना. आप्पांनी अशी किती घरं केली असतील, ह्या एकसुरी शिट्टीच्या सोबतीनं, एकट्यानं, आभाळाखाली... माझ्याआधी. बाकड्यावर वाळत बसलेला माणूस त्यांना दुकानातून रोज दिसत होता, हे खरंच. पण पत्र्यावर उभे असलेले आप्पा मला बाकड्यावरून कधीच दिसले नव्हते. माझा राग तिथं वरच गेला.

मी नट आवळला. आवळताना "आवळतो" म्हणायला तोंड उघडलं नाही, कारण खालून कुणी सांगितलंच नव्हतं. यंत्र काढलं, वायर सरळ जोडली, आणि पायरी पायरी करत उतरलो.

घरात चित्र आलं होतं. स्वच्छ, एकही तुकडा न पडता. कुणीतरी बाई बातम्या सांगत होती. मी नेहमीच्या जागी, टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. खिशातली खडीसाखर तोंडात टाकली. मग जिन्याकडं तोंड करून, पूर्वी स्टॅण्डवर लावायचो तसा सगळा आवाज लावून सांगितलं, "आलं, आप्पा. हलवू नका."

आणि वरचं उत्तर ऐकू यावं म्हणून, सवयीनं, टीव्हीचा आवाज बारीक केला.