नायिकेची पावलं

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, अंगाने आडदांड. मिशा झुपकेदार, आणि आवाज असा की साधं पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटावं, घरात भांडण पेटलंय. या माणसाची उभी हयात सिनेमातल्या नायिकांची पावलं वाजवण्यात गेली. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग हसतात. हसा, पण आधी काम काय असतं ते समजून घ्या.

गाण्याचं चित्रीकरण चालू असताना तिथे तेच गाणं भोंग्यावर मोठ्याने लावलेलं असतं. नायिका ओठ हलवते, नाचते, पण तिच्या पायांचा खरा आवाज त्या कल्लोळात हाती लागत नाही. तो मागाहून आमच्या खोलीत तयार होतो. समोर पडदा, जमिनीवर लाकडी फळ्या, फरशीचे तुकडे, वाळूचा एक चौकोन आणि घोट्याच्या उंचीवर माइक. पडद्यावर नायिका नाचते आणि तिच्याकडे बघत भाऊजी तिच्या प्रत्येक पावलावर आपलं पाऊल टाकतात. पायात खास त्यांच्या मापाचे करून घेतलेले उंच टाचांचे बूट, कमरेला घेरदार झगा, कारण कापडाची सळसळही लागतेच, आणि मनगटात बांगड्या. काचेपलीकडे आवाज टिपायला मी. मेहुणी असल्यामुळे चिडवायचा परवाना मला ताईच्या लग्नापासूनच मिळालेला. “भाऊजी, आज झगा काय खुलून दिसतोय हो,” मी म्हणायची आणि ते एक गिरकी घेऊन दाखवायचे. तेव्हा लाजबीज काही नव्हती.

लाज आली ती घरच्यांकडून. एकदा घरातल्याच एका जेवणाला त्यांच्या थोरल्या भावाने सगळ्यांदेखत सांगितलं, “जरा तुझ्या नायिकेसारखं चालून दाखव की रे.” भाऊजी भोळे सांब, चालले. माणसं हसून हसून लोळली. हसता हसता तो भाऊ म्हणाला, “बरं झालं, हे बघायला आई नाही.” भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून त्यांनी कामाचा विषय काढणंच सोडलं. कुणी विचारलं की “आवाजाच्या खात्यात आहे,” एवढंच सांगायचे. ताईला आणि मला तंबी दिलेली होतीच. त्यांची पोर तेव्हा लहान होती. तिला यातलं काही ठाऊक नाही, असं आम्ही तिघं खुशाल धरून चाललो.

पोर मोठी झाली, तिने मुलगा पसंत केला, दोन्ही घरं राजी झाली. आणि मग तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला की आम्हाला एकदा तुमचा स्टुडिओ बघायचाय. भाऊजींना घाम फुटला.

“व्याह्यांसमोर झगा घालून उभा राहू मी? पोरीला जन्मभर टोमणे खावे लागतील.”

“तुमचं आपलं काहीतरीच. सरळ सांगून टाका,” मी म्हटलं.

“तू तोंड उघडू नकोस. हसतील ते मला, तुला नाही.”

शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. पाहुणे येतील तेवढा वेळ माझ्या खुर्चीत ते बसणार आणि पावलं वाजवणार नृत्यदिग्दर्शिकेची मदतनीस. त्या दिवशी जे गाणं करायचं होतं, त्याचा नाच नायिकेकडून घटवून घेतला होता तो याच मुलीने, तेव्हा तिला काय अवघड, असा त्यांचा हिशोब.

अवघड होतं. त्या गाण्यात नायिका बापाचं घर सोडायचं ठरवते, आणि ठरवते ती गाणं चालू असतानाच, जिना उतरता उतरता. शब्दांत ती म्हणते, मी कुठेच जात नाही. पण जिन्याची भिंत वरती गडद निळी असते, वळणावळणाला उजळत जाते आणि दाराशी पिवळी होते, अगदी तिच्या कपड्यांसारखी. वरच्या पायऱ्यांवर ती अंग चोरून नाचते, खाली मोकळी होते. कॅमेरा तर तिच्याआधीच दाराशी जाऊन तिची वाट बघतो. शब्द तेवढे खोटं बोलतात, बाकी सगळे खरं सांगतात. पावलांनीही तेच सांगायचं होतं. वर टाच टेकायचीच नाही, घरात कुणाला कळू नये अशी. मधे एकदा अडखळायचं. आणि शेवटच्या पायरीवर टाच अशी टेकायची की बघणाऱ्याने ओळखावं, की आता ही थांबत नाही. गाणं लागलं की चहा प्यायला उठणारे महाभाग असतात ना, त्यांना पुढचा सिनेमा कळायचाच नाही.

पाहुणे आले. बरोबर पोरही होती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, कानांना हेडफोन लावून माझ्या खुर्चीत ऐसपैस बसले होते. कुठलं बटण कशाचं, याचा पत्ता नाही. खरी बटणं मी मागून हात घालून फिरवत होते, जणू त्यांची मदतनीसच. राग गिळून उभी होते.

“आणि ते पायांचं काम कोण करतं?” सासूबाईंनी विचारलं.

“ते होय?” भाऊजी म्हणाले, “त्याला असतात अशा पोरी. फुटकळ काम ते.”

पोरीने चटकन बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, पाहुण्यांसमोर अवघडली असेल.

आत ती मुलगी सुरेख नाचली, पण वरच्या पायऱ्या आणि खालच्या पायऱ्या एकसारख्याच वाजल्या. दिग्दर्शक नवा होता, भाऊजींना चेहऱ्याने ओळखत नव्हता; तो उखडला. “ही घर सोडून चाललीये की भाजी आणायला? तुमचा रोजचा माणूस कुठे मेला?” भाऊजींनी कानांवरचे हेडफोन सारखे केले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. “पाय आहेत की ओंडके?” तो पाहुण्यांदेखत ओरडला आणि त्या मुलीला रडू फुटलं. काचेच्या अलीकडे, टेबलाखाली, भाऊजींचा पाय ती पावलं अचूक टाकत होता. मी खांद्याला चिमटा काढून कुजबुजले, “उठा की हो.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाहुणे आहेत.” इतकी वर्षं मी त्यांच्या झग्याला हसले, पण त्यांची लाज वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी झगा, बूट, बांगड्या चढवून त्यांनी ते काम एका दमात केलं. दिग्दर्शकाने पाठ थोपटली. बाहेर ती मुलगी भेटली तर म्हणाली, “काका, तुम्हाला येत होतं, तर निदान आधी मला शिकवायचं तरी.” भाऊजींना तिच्याकडे वर मान करून बघवेना.

लग्न झालं, पुढे सिनेमाही लागला. दोन्ही घरं मिळून बघायला गेलो. जिन्याचं गाणं आलं. शेवटच्या पायरीवर टाच टेकली. अंधारात सासूबाई भाऊजींकडे झुकून म्हणाल्या, “त्या दिवशी बिचारीला उगाच रडवलं हो. किती छान केलंय तिने.”

“हो ना,” भाऊजी म्हणाले.

बाहेर आल्यावर जावई गाडी आणायला गेला. सासूबाई थोड्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. पोर मागे राहून आमच्याजवळ आली.

“बाबा, ते पाय तुमचे होते.”

भाऊजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी कुठे काय बोलले होते!

“मावशीकडे काय बघताय? शाळेत असताना डबा द्यायला यायचे ना, तेव्हा दाराच्या फटीतून बघत उभी राहायचे मी. मैत्रिणींना सांगायचे, यांच्या घरीही मीच सांगितलं. तेच बघायला आले होते ते त्या दिवशी. सासूबाई तर सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, आमच्या व्याह्यांची कला बघायला चाललोय म्हणून.”

भाऊजींनी पुढे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. म्हणाले, “मग त्यांनी काही विचारलं कसं नाही?”

“विचारलं की. परत जाताना विचारलं.” ती आवाज न चढवता बोलत होती. “तुम्ही तर फुटकळ काम म्हणून मोकळे झाला होतात. तुम्हाला खोटं कसं पाडू? म्हटलं, मला लहानपणापासून थापा मारायची सवय आहे, ही त्यातलीच एक. अजून मी काही सांगितलं की त्या घरात आधी खात्री करून घेतात.”

गाडी आली. ती जाऊन आत बसली. सासूबाई बसायला वाकल्या, तेवढ्यात भाऊजी धावत पुढे झाले.

“विहीणबाई, जरा थांबा!”

त्या वळल्या. जावयाने काच खाली केली. पोरगी मागच्या सीटवरून बापाकडे बघत होती.

“काय हो?” सासूबाईंनी विचारलं.

भाऊजींनी गाडीचं दार त्यांच्यासाठी धरलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “सावकाश जा.”