गवताच्या यंत्राचा फोटो

मसोलीच्या आमच्या घराला अंगण म्हणून जे काही आहे, ते दोन खाटा टाकल्या की संपतं. त्यात एक चिकूचं कलम, एक तुळस, कुंपणाशी अबोली, आणि पावसाळ्यात उरलेल्या सगळ्या जागेत गवत. हे गवत इतकी वर्षं मीच कापत आले. पाटावर बसायचं, विळा घ्यायचा आणि तासाभरात उठायचं. नवरा डहाणू रोड स्टेशनच्या बुकिंग ऑफिसात आहे. आठवडाभर खिडकीतून लोकांचं ऐकून घ्यावं लागतं म्हणून रविवारी तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा, आणि माझं कुठे कुठे कापायचं राहिलंय ते तिथून दाखवायचा.

मागच्या जूनमध्ये त्याने फोनवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशातला एक गोरा माणूस अर्ध्या चड्डीत, हातात काठीसारखं यंत्र घेऊन हिरवळीवरून फिरत होता आणि त्याच्यामागे गवत गालिच्यासारखं होत होतं. यंत्राला वायर नव्हती, पेट्रोल नव्हतं, बॅटरीवर चालायचं. नवऱ्याने तो व्हिडिओ मला तीनदा दाखवला आणि म्हणाला, "तुझी कंबर वाचेल."

माझी कंबर दुखत नव्हती. तसं मी सांगितलं. पण तोपर्यंत ती दुखते असं ठरलं होतं.

पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. मी भाकऱ्या थापायची आणि तो दारात उभा राहून कुठल्या यंत्राला लोकांनी किती तारे दिलेत ते वाचून दाखवायचा. लहान अंगणासाठी स्वस्तातलं आणि हलकं हवं, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्यासाठी विळा आहे, हे माझंही बरोबर होतं, पण विळ्याला कोणी तारे देत नाही. शेवटी त्याने एक हिरव्या रंगाचं यंत्र मागवलं. दोन बॅटऱ्या, एक चार्जर, प्लॅस्टिकचा गॉगल फुकट, आणि गवत कापायला पातं नाही तर नायलॉनचा दोरा. तो गरागरा फिरतो आणि गवताला झोडतो.

सोबतच्या पुस्तकात मराठी नव्हती. हिंदी होती, पण ती कुठल्यातरी यंत्रानेच लिहिलेली असावी. 'घास को शरीर से दूर सिखाएँ' असं तिसऱ्या पानावर होतं. नवऱ्याने ते गंभीरपणे दोनदा वाचलं आणि मान हलवली.

पहिल्या रविवारी तो फुल पँट, गमबूट, रेनकोट आणि गॉगल अशा वेशात अंगणात उतरला. बघणाऱ्याला वाटावं, हा विषारी वायू शोधायला आलाय. मला मागे उभं राहायला सांगितलं. इतकी वर्षं मी जिथे मांडी घालून बसत होते, ती जागा आता धोकादायक झाली होती. बटण दाबलं, मिक्सरमध्ये सुपारी पडल्यासारखा आवाज झाला, आणि चिखल उडून भिंतीवर बसला. गवत ओलं होतं. ते कापलं जाण्याऐवजी दोऱ्याला गुंडाळायला लागलं. तो थांबायचा, बॅटरी काढायचा, गुंता सोडवायचा, बॅटरी लावायचा. मध्येच चिकूच्या कलमाच्या बुंध्याशी यंत्र घासलं आणि साल निघून आत पांढरं दिसायला लागलं. त्याला काही होत नाही, असं तो म्हणाला. मी हळद आणि शेण कालवायला आत गेले.

अठरा मिनिटांत पहिली बॅटरी संपली आणि त्यानंतर थोड्या वेळाने दुसरी. अंगण न्हाव्याने अर्ध्यात सोडलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. नवरा दमून आंघोळीला गेला. तो बंब तापवून, अंग चोळून बाहेर येईपर्यंत मी विळा घेऊन उरलेलं सगळं कापून टाकलं. तो केस पुसत व्हरांड्यात आला आणि बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला.

"बघ," तो म्हणाला, "मशीनचं काम कसं साफ असतं."

लग्नाला बावीस वर्षं झाली की माणूस काही गोष्टी तशाच ठेवतो. पण त्या दिवशी मी गप्प बसले त्यात समजूतदारपणा कमी आणि गंमत जास्त होती, हेही खरं.

दोऱ्याचं रीळ चौथ्या रविवारी संपलं. आमच्याकडे धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावाहून एक मासेवाली येते. तिचा नवरा आणि दीर दोघे बोटीवर असतात. ती पाटी उतरवून बोंबील निवडत होती तेव्हा नवरा तिला यंत्र कसं चालतं ते समजावून सांगत होता. तिने संपलेल्या रिळातला तुकडा दोन बोटांत धरून ताणला आणि हसली.

"हा तंगूस आहे, भाऊ. याचीच जाळी असते आमची. आम्ही मासा धरायला वापरतो, तुम्ही गवत मारायला."

पुढच्या खेपेला तिने घरातलं एक भेंडोळं आणून दिलं. तंगूस म्हणजे तोच तो नायलॉनचा दोरा, पण तिचा जाड होता. कंपनीच्या दोऱ्यापेक्षा तो बरा टिकला. नवऱ्याने मात्र ही आपली युक्ती असल्याचं ऑफिसात सांगितलं.

इथपर्यंत हसायची पाळी माझी होती. पुढचं सांगायला तेवढी मजा येत नाही.

मी तलासरीकडे एका पाड्यावरच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, म्हणजे दोन शिक्षकांमधली वयाने मोठी. ऑगस्टमध्ये निरोप आला की पंधरा ऑगस्टच्या आधी तालुक्याहून साहेब शाळा बघायला येणार. आमच्या मैदानात तेव्हा गुडघाभर गवत होतं. दरवर्षी झेंड्याच्या आधी मुलांच्या आया येतात, गवत कापतात आणि भारे करून गुरांना नेतात. मैदान साफ होतं, त्यांना चारा मिळतो. यात सुधारायला काही नव्हतं. पण मला वाटलं, या वेळी त्यांना कशाला त्रास. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला साहेबांसमोर ते यंत्र मिरवायचं होतं. घरी मी ज्याला हसत होते त्याची इतक्या लवकर लागण होईल असं मला वाटलं नव्हतं.

यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून मी एसटीत चढले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी चादरीतून बाहेर आलेल्या दांड्याकडे बघून विचारलं, "आ शुं छे?" मी सांगितलं, गवत कापायचं मशीन. त्यांनी माझ्याकडे, मग खिडकीबाहेरच्या गवताकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी थोडं सरकून जागा केली, जशी आजारी माणसाला करतात.

मैदानात उतरले तेव्हा सगळी शाळा खिडक्यांना लागली होती. कुंपणापलीकडे सात-आठ बायका विळे घेऊन उभ्या होत्या. त्या दरवर्षीसारख्याच आल्या होत्या, त्यांना कोणी नको म्हणून कळवलं नव्हतं. त्यांच्यातली एक आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. तिची मुलगी तिसरीत आहे. मी तिला हात करून सांगितलं की आज तुम्ही बसा, आज मशीन आहे. त्या बसल्या. कुंपणाला टेकून, विळे मांडीवर ठेवून, सिनेमाला बसावं तशा बसल्या.

मी गॉगल लावला आणि सुरुवात केली. गवत उडायला लागलं तशी मुलं ओरडली. पाच-सात मिनिटं मला फार छान वाटलं. मग गवत गुंडाळलं. मी ते सोडवलं. पुन्हा गुंडाळलं. पहिली बॅटरी संपली तेव्हा झेंड्याच्या खांबापासून शाळेच्या पायरीपर्यंत एक पट्टा झाला होता, माणसाला आडवं झोपता येईल एवढा रुंद. दुसऱ्या बॅटरीत तेवढाच आणखी एक. चार्जर वर्गात लावायला गेले तर लाइट नव्हती, आणि ती सकाळपासूनच नव्हती.

मी बाहेर आले. साडीला हिरवे डाग, चपलेत चिखल, हातात यंत्र. ती अध्यक्ष उठली आणि कुंपणाशी आली.

"बाई, झालं का तुमचं?" तिने विचारलं. "मग आम्ही घेऊ?"

त्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या ओळीने बसल्या आणि सरकत गेल्या. आपापसात बोलत होत्या, मध्येच एखादी हसत होती, हात थांबत नव्हता. मुलांची खिचडी शिजून वाढेपर्यंत मैदान मोकळं झालं होतं. मग भारे बांधायला घेतले. माझ्या पट्ट्यातलं गवत अध्यक्षबाईने मुठीत घेतलं, चाचपलं, त्यातून नायलॉनचा बोटभर तुकडा काढून मला दाखवला आणि तो सगळा ढीग पायाने बाजूला केला. गुरांच्या पोटात जाईल, एवढंच म्हणाली. मी यंत्राने कापलेलं गवत बैलालाही चालणार नव्हतं.

तेवढ्यात साहेबांची जीप आली.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना दिवसाला चार शाळा बघायच्या असतात आणि प्रत्येक शाळेत काहीतरी नवीन दिसायला लागतं, नाहीतर त्यांचे साहेब विचारतात. त्यांनी साफ मैदान पाहिलं, मग व्हरांड्याला टेकवलेलं हिरवं यंत्र पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. हे तुम्ही आणलंत का, असं विचारलं. मी हो म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. यानेच कापलंत का, असं मात्र त्यांनी विचारलंच नाही. ते धरूनच चालले होते. मी ते धरू दिलं.

त्यांनी फोन काढला आणि मला मैदानाच्या मधोमध उभं केलं. मागे बायका डोक्यावर भारे चढवत होत्या. एकीने दुसरीच्या भाऱ्याला हात दिला होता.

"जरा बाजूला व्हा बरं," साहेब त्यांना म्हणाले. "मैदान दिसू दे."

त्या बाजूला झाल्या. मी गॉगल लावला, यंत्र दोन्ही हातांनी धरलं. साहेबांना ते चालू हवं होतं, म्हणजे फोटोत जिवंतपणा येईल. मुलं वर्गात आहेत, आवाजाने त्यांचं लक्ष विचलित होईल, असं मी सांगितलं. मुलं तेव्हा माझ्यामागे खिडकीत चढून बसली होती. मुलांची काळजी करते म्हणून साहेबांनी माझं कौतुक केलं. त्या यंत्रात तेव्हा मुंगी उडवायची ताकद नव्हती. मी ते तसंच धरून, किंचित वाकून, जणू गवत कापतेय अशी हसत उभी राहिले.

तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर होता. खाली साहेबांनी लिहिलं होतं, 'तंत्रज्ञानातून श्रममुक्ती'. नव्वद-शंभर अंगठे आले. नवऱ्याने तो आपल्या ऑफिसात, नातेवाइकांना आणि ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद आहे त्यांनाही पाठवला. त्या रात्री जेवताना तो म्हणाला की मी उगाच त्या मशीनला नावं ठेवत होते. मी भात वाढला.

पुढच्या महिन्यात शिक्षकांच्या बैठकीत मला या नवोपक्रमावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी आदल्या दिवसभर ठरवत होते की खरं सांगायचं. उठले, माइक घेतला आणि सांगितलं की मशीनने दोन पट्टे झाले, बाकीचं सगळं मैदान मुलांच्या आयांनी कापलं. सभागृह हसलं. साहेबांनी आपल्या जागेवरून सांगितलं की बाईंचा हा विनय आपण सगळ्यांनी शिकण्यासारखा आहे. टाळ्या पडल्या. तेच पुन्हा सांगायचा धीर मला झाला नाही, म्हणून मी बॅटरी कशी जपावी यावर उरलेली चार मिनिटं बोलले. चहाच्या वेळी दोन मुख्याध्यापकांनी यंत्राची लिंक मागितली. एकाच्या शाळेला मैदानच नाही.

साहेबांनी फोटोची रंगीत प्रत काढून शाळेला पाठवली आणि ती कार्यालयातल्या फलकावर लावली गेली. लावली गेली असं म्हणते, पण टाचण्या मीच मारल्या. साहेब पुन्हा आले तर दिसायला हवा होता.

नवरात्राच्या आसपास अध्यक्षबाई मुलीच्या दाखल्यासाठी कार्यालयात आली. मी कपाटात कागद शोधत होते. वळले तर ती फलकासमोर उभी राहून फोटो बघत होती. मी घाईघाईने सांगायला लागले, की साहेबांनी अचानक काढला, तुम्हाला सगळ्यांना घ्यायचं होतं, राहून गेलं. तिने माझं पूर्ण होऊ दिलं.

"बाई," ती म्हणाली, "हे मशीन तेव्हा बंद होतं ना?"

मी हो म्हणाले.

मी दाखला लिहून दिला. तिने तो घेतला, घडी करून पदराला बांधला आणि बाहेर गेली. व्हरांड्यात आणखी तिघी तिची वाट बघत होत्या. तिने त्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, गॉगल लावल्यासारखे दोन हात डोळ्यांवर नेले, मग थोडी वाकली आणि हवेतला एक दांडा धरून तशीच हसत उभी राहिली. चौघी जणी हसत हसत मैदानातून खाली उतरल्या. अकरा वर्षं त्या पाड्यावर नोकरी करून त्यांची बोली मला अर्धीच कळते. त्या दिवशी अर्धी पुरली.